माशीला रंग कळतो की नुसता उजेड? परोपजीवी गांधीलमाश्यांची रंगपरीक्षा

काचेच्या गोल डिशमध्ये अर्ध्या भागात पिवळा कागद ठेवा, अर्ध्या भागात निळा. आत वीस परोपजीवी माश्या सोडा आणि पाच मिनिटांनी मोजा. समजा पंधरा पिवळ्यावर निघाल्या, पाच निळ्यावर. नाणेफेकीच्या हिशोबाने वीसपैकी पंधरा किंवा त्याहून एकतर्फी कौल योगायोगाने पडण्याची शक्यता ५ टक्क्यांहून कमी. म्हणजे आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. पण तो सांगतो काय?

माशीला रंग दिसतो, हे तो सांगत नाही. कदाचित पिवळा कागद जास्त उजळ असेल. पिवळ्या शाईचा वास वेगळा असेल. पिवळी बाजू खिडकीकडे असेल. वीसही जणी एकत्र सोडल्या होत्या, तेव्हा एक गेली म्हणून दुसरी गेली असेल, आणि मग नाणेफेकीचा हिशोबही लागू राहत नाही. हे सगळं टाळलं तरी पिवळ्याची ओढ जन्मजात असू शकते. अशा वेळी ‘माशी शिकली’ असं म्हणणं म्हणजे शाळेत न गेलेल्या पोराला पहिला नंबर देणं.

गांधीलमाशी म्हटलं की वळचणीला पोळं करणारी, डंख मारणारी माशी डोळ्यांपुढे येते. इथे विषय तिच्या बारक्या नातलगांचा आहे. यांतल्या बऱ्याच जणी काही मिलिमीटरच्या, कित्येक तर एक मिलिमीटरहूनही लहान. मादी दुसऱ्या कीटकाच्या अंड्यात, अळीत किंवा कोषात अंडी घालते, पिल्लं यजमानाला खात वाढतात आणि शेवटी यजमान मरतो. ऊ किंवा गोचीड आपल्या यजमानाला सहसा जिवंत ठेवते, ही ठेवत नाही. म्हणून शेतीत तिला मित्रकीटक म्हणतात. ट्रायकोकार्डवरची, म्हणजे परोपजीवीग्रस्त अंडी चिकटवून शेतात लावायच्या कार्डावरची, ट्रायकोग्रामा ही त्यातली आपल्याकडे सगळ्यांत ओळखीची.

यांच्याच गोतावळ्यातली कुंभारीण आपल्याला जुन्या काळापासून माहीत आहे. ती अळीला डंख मारून निश्चल करते, मातीच्या घरट्यात बंद करते आणि काही दिवसांनी त्या घरट्यातून दुसरी कुंभारीण बाहेर पडते. अळीने भृंगीचा, म्हणजे या कुंभारणीचा, ध्यास घेतला म्हणून ती भृंगीच झाली, हा भृंगकीटक न्याय त्यातूनच आला. निरीक्षण चोख होतं, अर्थ तेवढा चुकला. रंगाच्या प्रयोगांत नेमकं हेच होतं, म्हणून पुढचा बराचसा मजकूर ‘अर्थ कुठे चुकतो’ याबद्दल आहे.

डोळा काय देतो

मधमाशी, गांधीलमाशी, मुंगी यांच्या गटातल्या ज्या जातींचे डोळे मोजले गेले, त्यांतल्या बहुतेकींत तीन प्रकारचे प्रकाशग्राही आढळतात. एक अतिनील किरणांना, साधारण ३४० नॅनोमीटर तरंगलांबीजवळ, सर्वाधिक प्रतिसाद देतो. दुसरा निळ्याला, ४३० च्या आसपास. तिसरा हिरव्याला, ५३५ च्या आसपास. आपली दृष्टी ४०० ते ७०० नॅनोमीटरची. त्यांची अख्खी पट्टी अतिनीलाकडे सरकलेली, आणि लाल टोक बहुतेकींना जवळजवळ अंधारच. काही जातींत वेगळं सापडलं आहे, त्यामुळे आपल्या माशीचं मोजमाप नसेल तर हे आकडे अंदाज म्हणूनच धरायचे.

एकट्या प्रकाशग्राहीला रंग कळत नाही, हे पक्कं लक्षात ठेवायला हवं. हिरव्याचा ग्राही मंद हिरव्या प्रकाशाने जेवढा उत्तेजित होतो, तेवढाच तो झगझगीत निळ्यानेही होऊ शकतो. त्याच्याकडून मेंदूला एकच आकडा जातो. रंग कळण्यासाठी किमान दोन प्रकारच्या ग्राहींचे आकडे एकमेकांशी ताडून पाहणारी यंत्रणा लागते. तेव्हा डोळ्यात तीन ग्राही असणं आणि माशीने रंग वापरून निर्णय घेणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी फक्त वागणुकीतूनच सिद्ध होते.

डोळ्याचा आकारही विसरून चालत नाही. कामकरी मधमाशीच्या एका डोळ्यात पाच हजारांच्या आसपास नेत्रिका, म्हणजे स्वतःचं भिंग असलेले बारके घटक, असतात आणि भिंगाची रुंदी वीस मायक्रॉनच्या वर. ट्रायकोग्रामा इव्हानेसेन्सच्या डोळ्यात सव्वाशेच्या आसपास नेत्रिका, भिंग जेमतेम सहा मायक्रॉनचं. भिंग जितकं लहान तितका प्रकाश विवर्तनाने पसरतो. तरंगलांबीला भिंगाच्या रुंदीने भागलं की धूसरपणाचा कोन मिळतो: अर्धा मायक्रॉन भागिले सहा, म्हणजे जवळपास ५ अंश. अर्ध्या मिलिमीटरचं पतंगाचं अंडं ५ अंशांचं दिसायला ती त्याच्यापासून साधारण सहा मिलिमीटरवर यायला हवी. त्यापलीकडे ते अंडं तिच्यासाठी पार्श्वभूमीत विरघळलेलंच. अशा माशीपुढे नाजूक नक्षीचे कागद ठेवून ‘तिला नक्षी ओळखता येत नाही’ असा निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही. नक्षी तिच्यापर्यंत पोचतच नाही.

मधमाश्यांबद्दल आणखी एक उपयोगी माहिती आहे. वस्तू साधारण १५ अंशांहून लहान दिसत असेल तर मधमाशी ती रंगाने ओळखत नाही. त्याखाली, सुमारे ५ अंशांपर्यंत, ती फक्त हिरव्या ग्राहीला जाणवणाऱ्या उजेड-अंधाराच्या फरकावर काम चालवते. दोन सेंटिमीटरची चकती १५ अंशांची दिसायला साडेसात सेंटिमीटरवर असावी लागते; तीस सेंटिमीटरवरून ती चार अंशांचीही भरत नाही. बारीक डोळ्याच्या परोपजीवी माशीसाठी हा नियम आणखी कडक धरावा. मोठ्या पिंजऱ्याच्या दूरच्या भिंतीवर रुपयाएवढ्या रंगीत टिकल्या चिकटवून घेतलेल्या चाचण्या रंगदृष्टीच्या नसतात, ठिपका शोधण्याच्या असतात.

पिवळ्याची ओढ

पिवळी चिकट पट्टी किंवा पाण्याने भरलेलं पिवळं ताट ठेवलं की मावा, पांढरी माशी यांच्याबरोबर परोपजीवी माश्याही सापडतात. कीटकसंग्राहक तर बारीक गांधीलमाश्या पकडायला मुद्दाम पिवळी ताटं लावतात. कारण समजायला सोपं आहे. पिवळा पृष्ठभाग साधारण ५०० नॅनोमीटरच्या पुढचा प्रकाश भरपूर परावर्तित करतो आणि निळा व अतिनील बहुतेक गिळतो. हिरवा ग्राही खूप उत्तेजित, निळा फारच कमी. हिरव्या पानाचंही गणित याच दिशेचं असतं, फक्त सौम्य. म्हणजे ‘हिरवा वजा निळा’ असा हिशोब करणाऱ्या डोळ्याला पिवळा हा पानापेक्षाही जास्त पान वाटतो. माव्याच्या बाबतीत हे स्पष्टीकरण चांगलं रुजलं आहे. फुलाला मकरंदासाठी जाणाऱ्या माशीच्या बाबतीत त्यात भुकेचाही भाग येतो.

भूक हा दुय्यम मुद्दा वाटतो, पण प्रयोग बिघडवण्यात त्याचा हात मोठा. कोबीवरच्या पांढऱ्या फुलपाखराच्या अळीवर वाढणाऱ्या कोटेशिया रुबेक्युलावर फेलिक्स वेकर्स यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेलं काम पाहा. उपाशी माद्या पिवळ्याकडे आणि फुलांच्या वासाकडे झुकल्या. साखरपाणी मिळालेल्या माद्या अळीने कुरतडलेल्या पानांच्या वासाकडे. तीच जात, तोच डोळा, फक्त पोट वेगळं. तेव्हा रंगाच्या कुठल्याही चाचणीच्या नोंदीत ‘शेवटचं खाणं कधी आणि काय’ हा रकाना नसेल तर त्या नोंदीवर फार विसंबू नये.

मग शिकतात का?

शिकतात, आणि हे एकाच जातीपुरतं नाही. कापसावरच्या बोंडअळीवर वाढणारी अमेरिकेतली मायक्रोप्लायटिस क्रोसिपेस रंग, आकार आणि नक्षी या तिन्ही खुणा शिकते, हे वेकर्स आणि जो लुईस यांनी दाखवलं. मांसमाशीसारख्या माश्यांच्या कोषांवर वाढणारी नासोनिया व्हिट्रिपेनिस निळा किंवा पिवळा रंग यजमानाशी किंवा मधाशी जोडते, हे २००० साली प्रसिद्ध झालं. २०१८ मध्ये तर नासोनियाच्या पिढ्यांमागून पिढ्या रंग चांगला शिकणाऱ्या माद्यांमधून निवडून काढल्या, तेव्हा ती क्षमता वाढत गेली, आणि वाढ रंगापुरती न राहता इतर खुणांच्या शिकण्यातही दिसली. फळमाशीच्या अळ्यांवर सोडली जाणारी डायकॅस्मिमॉर्फा लाँगिकॉडाटा, ट्रायकोग्रामा थॅलेन्स, एक्झेरिस्टिस रोबोरेटर यांच्यातही दृश्य खुणा शिकण्याचे पुरावे आहेत.

मुळात शिकायचं कशासाठी? यजमानाची अचूक खूण, म्हणजे त्याचा स्वतःचा वास, दुरून मिळत नाही; दिसायचं-हुंगायचं नाही अशीच त्याची उत्क्रांती झालेली असते. दुरून जाणवणारी खूण, म्हणजे झाडाचा वास किंवा पानाचा रंग, भरवशाची नाही, कारण प्रत्येक झाडावर अळी नसते. या ठिकाणी, या हंगामात, कुठली ढोबळ खूण सध्या खरी ठरते आहे एवढं लक्षात ठेवलं की दोन्हींमधली दरी बुजते. म्हणूनच ही स्मृती कायमची नसलेली बरी. कोबीवरच्याच दोन बहिणींत फरक आहे: कोटेशिया ग्लोमेराटाला नवं झाड लक्षात राहायला अंडी घालण्याचा एक अनुभव पुरतो, कोटेशिया रुबेक्युलाला मध्ये विश्रांती देऊन पुन्हा पुन्हा अनुभव लागतो. पहिलीचा यजमान झुबक्याने अंडी घालतो, दुसरीचा एकेक विखरून. एका झाडावर एक अळी भेटल्याने पुढच्या झाडाबद्दल किती ठरवावं, हा हिशोब दोघींचा वेगळा असणार हे उघड आहे. हे काम झाडाच्या खुणांवरचं, त्यात वासाचा वाटा मोठा, पण रंगाच्या प्रयोगात किती वेळा शिकवायचं आणि कधी तपासायचं हे ठरवताना ते उपयोगी पडतं.

प्रयोग उभा करताना

यासाठी नासोनिया सोयीची. पाळायला सोपी, चालत निर्णय घेते, आणि दोन-तीन मिलिमीटरची असल्याने डोळ्यांनी मोजता येते. मांसमाशीच्या कोषावर २५ अंश सेल्सिअसला अंड्यापासून प्रौढ माशीपर्यंत साधारण दोन आठवडे. उजेड १६ तास, अंधार ८ तास ठेवा. दिवस लहान आणि थंड झाले की आईच्या पोटातूनच पुढच्या पिढीला सुप्तावस्थेचा आदेश जातो, अळ्या वाढायच्या थांबतात आणि वेळापत्रक कोलमडतं.

पहिली अडचण ‘अननुभवी’ माशी मिळवण्याची. कोषाचं कवच कुरतडून बाहेर येतानाच मादीला यजमानाचा वास, तपकिरी कवच आणि बहिणी-भावांचा सहवास मिळालेला असतो. म्हणून अंडी घातल्यापासून दहाव्या-बाराव्या दिवशी यजमानाचं कवच फोडून आतले नासोनियाचे कोष मऊ ब्रशने स्वच्छ काचनळीत काढून घ्यावेत. माद्या बाहेर आल्या की एक दिवस नरांबरोबर ठेवायच्या. मीलन न झालेली मादीही अंडी घालते, पण त्यातून फक्त नर निघतात आणि तिची वागणूक मीलन झालेलीसारखीच असेल असं गृहीत धरता येत नाही. प्रशिक्षणाआधी एक रात्र अन्न बंद, पाणी चालू.

बक्षीस काय द्यायचं? मध दिला तर शिकवणं मिनिटांत होतं, पण पोट भरलं की माशीला त्या रंगाची गरजही उरत नाही आणि चाचणीत ती कोपऱ्यात बसून पंख साफ करते. यजमान कोष दिला तर वेळ लागतो, कारण कवच भोसकून आत अंडनलिका घालायलाच तिला बरीच मिनिटं लागतात. एक मादी, एक कोष, एक तास हे माप चालतं. शिकण्याचा पुरावा हवा असेल तर यजमान द्यावा. चाचणीतली सुस्त माशी ही ‘न शिकलेली’ माशी म्हणून मोजली जाते, आणि मधाच्या प्रयोगांत असं फार होतं.

आता गाभा. माद्यांचे दोन गट करा. पहिल्या गटाला निळ्यावर एक तास यजमान, नंतर पिवळ्यावर एक तास काहीच नाही. दुसऱ्याला बरोबर उलट. प्रत्येक गटात निम्म्यांना आधी बक्षिसाचा रंग, निम्म्यांना नंतर, नाहीतर ‘शेवटी पाहिलेल्या रंगाकडे जाते’ हा वेगळाच परिणाम आत शिरतो. मग रिकाम्या स्वच्छ डिशमध्ये, यजमान आणि मध दोन्ही नसताना, प्रत्येक मादी एकेकटी पाच मिनिटं. पहिला कौल कुठे आणि कुठल्या रंगावर किती सेकंद, दोन्ही नोंदवा. नोंदवणाऱ्याला कुठली माशी कुठल्या गटातली हे ठाऊक नसावं. नळ्यांवर दुसऱ्या कुणीतरी सांकेतिक क्रमांक घालावेत.

उलटसुलट गट का, हे आकड्यांतच दिसतं. समजा निळ्यावर शिकलेल्या वीसपैकी बारा जणींनी निळा निवडला. एकट्याने पाहिलं तर हे नाणेफेकीपेक्षा फारसं वेगळं नाही, आणि कुणीही म्हणेल की शिकल्या नाहीत. पण पिवळ्यावर शिकलेल्या वीसपैकी चारच निळ्यावर गेल्या असतील तर? ६० टक्के आणि २० टक्के. दोन गटांतली प्रमाणं ताडणाऱ्या फिशरच्या कसोटीलाही हा फरक ५ टक्क्यांच्या पातळीवर उतरतो. सगळ्यांची मूळ ओढ पिवळ्याकडे आहे आणि शिकवणीने ती चाळीस टक्क्यांनी हलवली, असा त्याचा अर्थ. जन्मजात आवड आणि शिकलेली आवड यांची फारकत करायला याहून साधी युक्ती नाही. तरीही एक तिसरा गट ठेवावा: रंग आणि यजमान दोन्ही मिळतात, पण वेगवेगळ्या वेळी. या गटातही तोच कल दिसला तर ती जोडणी नव्हे, नुसता रंगाशी झालेला परिचय किंवा यजमान मिळाल्याची उत्तेजना आहे.

उजळपणाचा प्रश्न अजून बाकीच आहे. ‘निळा’ शिकलेली माशी प्रत्यक्षात ‘गडद’ शिकलेली असू शकते. यावरचा उपाय शंभर वर्षांहून जुना आहे. कार्ल फॉन फ्रिश यांनी मधमाश्यांना निळ्या कागदावर साखरपाणी दिलं आणि मग तो निळा कागद राखाडीच्या अनेक छटांमध्ये ठेवला. माशी फक्त उजळपणा पाहत असती तर कुठल्या तरी राखाडीला निळा समजून फसली असती. आपल्या डिशमध्ये इतके कागद मावत नसतील तर शिकवताना मध्यम निळा आणि मध्यम पिवळा वापरा, पण तपासताना दोन जोड्या द्या: फिका निळा व गडद पिवळा, आणि गडद निळा व फिका पिवळा. दोन्ही जोड्यांत शिकलेला रंगच निवडला तर उजळपणाची शंका बऱ्याच अंशी मिटते. पूर्ण मिटवायची तर परावर्तनमापक लागतोच. तो नसेल तर मोबाइलचा फोटो कच्च्या (रॉ) स्वरूपात, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स बांधून ठेवून काढावा आणि फक्त हिरव्या वाहिनीचे आकडे ताडावेत. माशीच्या हिरव्या ग्राहीचा तो ओबडधोबड अंदाज देतो. अतिनीलाबद्दल मात्र कॅमेरा मुका.

अतिनीलापाशी तर भलेभले घसरतात. प्रिंटरच्या पांढऱ्या कागदात चकाकी आणणारी रसायनं असतात. ती अतिनील शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतात. पांढऱ्या रंगातला टायटॅनियम डायऑक्साइडही अतिनील गिळतो. आपल्याला शुभ्र दिसणारा असा पृष्ठभाग माशीला ‘अतिनील नसलेला’, म्हणजे चांगला रंगीत दिसतो. त्यामुळे असा कागद ‘रंग नसलेला’ म्हणून तुलनेला ठेवता येत नाही. अतिनीलासकट पांढरं हवं असेल तर नळाच्या आट्यांवर गुंडाळायची टेफ्लॉन टेप काचेच्या पट्टीवर चार-पाच थरांत ताणून लावा. ती अतिनीलही बऱ्यापैकी परत पाठवते, आणि हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळते.

दिवा कोणता, यावर निम्मं ठरतं. साध्या पांढऱ्या एलईडीत अतिनील जवळजवळ नसतंच. त्याची सुरुवातच ४५० नॅनोमीटरजवळच्या निळ्या शिखराने होते. अशा उजेडात तीन ग्राहींची माशी व्यवहारात दोन ग्राहींची होते. हे वाईटच असं नाही. उलट कागदातल्या रसायनांचा त्रास कमी होतो आणि निळ्या-पिवळ्याचा प्रश्न सुटसुटीत राहतो. फक्त तो निकाल उन्हातल्या शेताला जसाच्या तसा लावायचा नाही. दुसरं, जुन्या चोकवाली ट्यूबलाइट आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. आपल्याला ते कळत नाही, पण मधमाशीचा डोळा याहून जलद लुकलुक टिपतो. परोपजीवी माश्यांनाही ती दिसते असं धरूनच चालावं. मंद करण्यासाठी पीडब्ल्यूएम, म्हणजे दिवा झपाट्याने चालू-बंद करण्याची पद्धत, वापरणारे स्वस्त एलईडी त्याच माळेचे मणी. स्थिर प्रवाहाचा ड्रायव्हर घ्यावा आणि प्रकाश कमी करायचा तर दिवा लांब न्यावा किंवा वर पांढरं पातळ कापड ताणावं. कापडाने उजेड पसरतो आणि काचेवरची चकाकीही जाते, ते वेगळंच.

बाकीच्या चुका छोट्या, पण प्रयोग बुडवायला पुरेशा. निळ्या आणि पिवळ्या शाईचे वास वेगळे असतात, म्हणून कागद डिशच्या आत नाही तर काचेच्या तळाखाली ठेवायचा. माशी चालते तिथे आपल्या अंगाचा वास सोडते आणि स्पिरिटने पुसल्याने तो सगळा जात नाही; प्रत्येक मादीला धुऊन तापवलेली नवी डिश द्यावी. प्रत्येक फेरीनंतर कागद ९० अंशांनी फिरवा. नाहीतर माशी रंग न शिकता जागा शिकते, किंवा नुसती उजेडाकडे जाते. आणि शिकवल्यावर माशी हाताळायला सोपी जावी म्हणून बर्फावर ठेवू नका. ताजी स्मृती थंडीने पुसली जाते. स्मृतीचे टप्पे वेगळे करायला संशोधक हीच युक्ती मुद्दाम वापरतात. कार्बन डायऑक्साइडची गुंगीही नको. काचनळीचं तोंड उजेडाकडे केलं की ती आपणहून चालत बाहेर येते, तेवढं पुरतं.

तपासणी कधी? शिकवल्यावर एका तासाने, आणि दुसऱ्या निराळ्या माद्यांवर चोवीस तासांनी. तीच मादी दोनदा वापरली तर पहिल्या रिकाम्या चाचणीत ‘या रंगावर काही मिळत नाही’ हेही ती शिकून गेलेली असते.

शेतात याचं काय

माश्यांना रंग शिकवून शेतात सोडाव्यात, असा सल्ला आज कुणी देत असेल तर तो ऐकू नये. शेत बहुतांशी हिरवं. पीकही हिरवं, तणही हिरवं. तिथे शिकलेला रंग फार तर फूल आणि पान, किंवा पिवळं पडलेलं पान आणि निरोगी पान, यातला भेद करायला मदत करील. सोडण्यापूर्वी शिकवायचंच तर वास अधिक कामाचा. नारळावरच्या काळ्या डोक्याच्या अळीसाठी सोडल्या जाणाऱ्या गोनिओझस या परोपजीवी माशीला अळीच्या विष्ठा-जाळ्यांच्या वासाची आधी ओळख करून देणं हा त्यातलाच प्रकार.

जन्मजात आवडीचा मात्र सरळ उपयोग आहे, आणि सरळ तोटाही. ऑस्ट्रेलियात द्राक्षबागांतल्या पानं गुंडाळणाऱ्या अळीसाठी ट्रायकोग्रामा कार्व्हेरी वापरतात. तिला मकरंद मिळावा म्हणून ॲलिसम हे फुलझाड लावून पाहिलं, तर पांढऱ्या फुलांच्या वाणाने तिचं आयुष्य वाढलं, गुलाबी-जांभळ्या वाणांनी तसं झालं नाही. मकरंदातच फरक असेल ही शंका काढायला पांढरी फुलं खाण्याच्या रंगाने रंगवली, तेव्हा त्यांचाही फायदा कमी झाला. झाड तेच, फूल तेच, रंगच तेवढा बदललेला. आपल्याकडच्या ट्रायकोग्रामा चिलोनिसला हा निकाल लावण्यापूर्वी ती चाचणी इथे करायला हवी, पण रचना उचलण्यासारखी आहे. तोवर बांधावर कोथिंबीर, बडीशेप यांसारखी उघड्या, उथळ फुलांची झाडं बरी. झेंडूचा मकरंद नळीसारख्या बारक्या फुलांत खोल असतो आणि आखूड तोंडाच्या माशीला तो आवडता रंग असूनही हाताशी येत नाही.

पिवळ्या चिकट सापळ्यांचं वेळापत्रक ट्रायकोकार्डाशी जुळवायला हवं. एका कार्डावर साधारण वीस हजार परोपजीवीग्रस्त अंडी असतात. अंडी काळी पडलेली असली की एक-दोन दिवसांत माश्या निघायला लागतात. त्याच आठवड्यात शेतात दाट पिवळे सापळे असतील तर विकत घेतलेले मित्रकीटक आपणच गोंदावर बसवतो. सर्वेक्षणापुरते मोजके सापळे ठेवून बाकीचे ते चार-पाच दिवस झाकावेत किंवा काढावेत. फुलकिड्यांचे निळे सापळे तुलनेने कमी त्रासाचे, पण तेही कार्डाच्या शेजारी नकोत. कार्डाच्या पट्ट्या पानाच्या खालच्या बाजूला, संध्याकाळी किंवा सकाळी लवकर, हे नेहमीचं आहेच.

पॉलिहाऊसमध्ये अतिनीलाचा प्रश्न परत येतो. अतिनील अडवणारा प्लॅस्टिकचा कागद लावला की पांढरी माशी आणि फुलकिडे आत कमी शिरतात, हा त्याचा फायदा. इस्राएलमध्ये माव्यावरची ॲफिडियस कोलेमानी, नागअळीवरची डिग्लिफस इसिया आणि पांढऱ्या माशीवरची एरेटमोसेरस मुंडस या तिघींवर हाच कागद तपासला गेला. निवड दिली तेव्हा तिघी अतिनील असलेल्या उजेडाकडे गेल्या, मात्र यजमान शोधण्यावर कागदाचा परिणाम तिघींत सारखा नव्हता. म्हणून कागद विकत घेताना ‘अतिनील-स्थिर’ आणि ‘अतिनील-रोधक’ यातला फरक दुकानदाराला विचारून घ्यावा: पहिला स्वतः उन्हात टिकतो, दुसरा आत येणारं अतिनीलच कापतो. दुसरा असेल तर पहिल्यांदा मित्रकीटक सोडल्यावर दाराजवळच्या, मधल्या आणि टोकाच्या वाफ्यातली पन्नास-पन्नास पानं वेगवेगळी तपासून परोपजीवीग्रस्त किडींचं प्रमाण मोजावं. सोडलेल्या जागेपासून लांबच्या वाफ्यात ते एकदम घसरत असेल तर पुढच्या वेळी एका जागी सोडण्याऐवजी दर काही मीटरवर थोड्या थोड्या सोडाव्यात.